शेजारची सीट

१

नोव्हेंबर ते मार्च डिटमारच्या गाडीला रस्त्यावर यायची मुभा नव्हती. तिच्या नंबरप्लेटवरच तसे आकडे कोरले होते: चार आणि दहा, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर. वेझर नदीच्या त्या खोऱ्यात जुन्या गाड्या सांभाळणारे बहुतेक जण हीच प्लेट घेतात. विमा स्वस्त पडतो, आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ पत्र्याला खात नाही. ते पाच महिने गाडी हार्टविगच्या कोठारात झोपायची, गेली एकतीस वर्षं, किल्लीसकट.

किल्ली ठेवून का जायचं, हा प्रश्न डिटमारला एकदाही पडला नाही. हार्टविग त्याच्या लग्नातला साक्षीदार. बायकोच्या, आल्मुटच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही पुढचा उजवा खांदा त्याचाच होता. अशा माणसाकडून किल्ली मागून घ्यायची म्हणजे त्याच्या तोंडात मारल्यासारखंच झालं असतं.

एक एप्रिलला सकाळी दहाच्या बसने डिटमार हार्टविगच्या गावात उतरला. एका हातात कॉफीचा थर्मास, दुसऱ्या हातात लोण्याच्या केकचा डबा. हार्टविग कोठाराच्या दारातच उभा होता.

"ये म्हाताऱ्या! तुझी राणी कधीची नटून बसलीय. तूच उशीर केलास."

"बसला उशीर झाला."

"गेल्या वर्षीही बसलाच झाला होता. लग्नाच्या दिवशीही बसलाच."

दोघं हसले. फिकट निळी, दोन दारांची गाडी बाहेर उन्हात काढून ठेवलेली होती. एकोणीसशे एकोणसाठची. बनवणारी कंपनी पुढे चार वर्षांत बुडाली, आणि आता साऱ्या देशात अशा दोनशेसुद्धा उरल्या नव्हत्या. कोठाराच्या मागच्या अर्ध्या भागात नवीकोरी हिरवी ताडपत्री टांगलेली डिटमारला दिसली.

"हे काय नवीन?"

"भंगार आहे रे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला नको."

केक खाऊन झाला, कॉफी संपली. डिटमार गाडीत बसला, दार ओढून घेतलं, आणि दर वर्षीप्रमाणे उजवीकडे न बघता म्हणाला, "निघायचं?"

आल्मुट होती तेव्हा ती बसता बसता सीटची स्प्रिंग एकदाच कुरकुरायची. तेच तिचं 'हो'. ती गेल्यावरच्या पहिल्या एप्रिलमध्ये त्याने सवयीने विचारलं, आणि रिकामी सीट तशीच एकदा कुरकुरली. डिटमारचं आयुष्य रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेलेलं. कारण शोधल्याशिवाय तो गप्प बसणारा नव्हता. आपल्या वजनाने गाडी डावीकडे झुकते, ताण सांगाड्यातून पलीकडे जातो, जुनी स्प्रिंग बोलते. कारण सापडलं, आणि त्याने ते बाजूला ठेवून दिलं. सहा वर्षं तो विचारत होता आणि सीट उत्तर देत होती. बायको गेलेल्या माणसाला एवढं पुरतं.

या वर्षी सीट बोलली नाही.

त्याने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. दारातून हार्टविग बघत होता. त्याचा हात निरोपासाठी वर झालेला होता, आणि तो तसाच राहिला होता.

२

घरी आल्यावर डिटमारने स्वतःची समजूत घातली. हवा कोरडी होती, किंवा हार्टविगने तेल सोडलं असेल. त्याला न सांगता काहीबाही करून ठेवायची खोडच होती. तीन वर्षांपूर्वी डॅशबोर्डवरचं घड्याळ त्याने असंच चालू करून दिलं होतं. ते घड्याळ चार वाजून वीस मिनिटांवर बंद पडलेलं, आणि आल्मुटने कधी दुरुस्त करू दिलं नव्हतं. "आपल्याला कुठे वेळेवर पोचायचंय," म्हणायची. हार्टविगने 'भेट' म्हणून ते चालू केलं तेव्हा डिटमारला आतून वाईट वाटलं होतं. तरी दोस्ताचा हिरमोड नको म्हणून त्याने वाइनच्या दोन बाटल्या नेऊन दिल्या होत्या. मग दिव्यांभोवतीची क्रोमची कडी नव्यासारखी झाली. मग दारांच्या मुठी. दर एप्रिलला काहीतरी चकाकायचं आणि डिटमार दर एप्रिलला आभार मानायचा.

आता तो रोज दुपारी गॅरेजमध्ये जाऊन बसू लागला. बसायचा, विचारायचा, थांबायचा. घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू यायची. पूर्वी या गाडीत इंजिन बंद केल्यावर जी शांतता पसरायची ती भरलेली असायची, शेजारच्या खोलीत कुणीतरी वाचत बसल्यासारखी. आताची शांतता भाड्याने द्यायच्या घरातली होती.

मे महिन्यात विमावाल्यांचं पत्र आलं. गाड्यांचे भाव गगनाला भिडलेत, तुमच्या गाडीची किंमत नव्याने ठरवून घ्या. ठरलेल्या दिवशी सकाळी किंमत ठरवणाऱ्या टेब्बेबाई आल्या: चाळिशीच्या, कानावर पेन्सिल, हातात बॅटरी, आणि काठीला लावलेला लहान आरसा.

"तुम्ही आत जाऊन बसा बरं," त्या म्हणाल्या. "मालक डोक्यावर उभा राहिला की मी दोष शोधायला लाजते."

तासाभराने त्यांनी हाक मारली. त्या गाडीजवळ गुडघ्यांवर बसल्या होत्या.

"काम कुणी केलंय हे?"

"कसलं काम?"

"हे सगळं. घड्याळ, दिव्यांची कडी, मुठी, दारांची आतली अस्तरं, दोन्ही सीटा. इतक्या हुबेहूब नकला मी आजवर पाहिल्या नाहीत. मूळ भाग विकून टाकलेत का? विकले असतील तर चांगलेच पैसे मिळाले असतील."

"मी काहीही विकलेलं नाही," डिटमार म्हणाला. "सत्त्याऐंशी साली ही दिव्याची कडी मी एका पेटी बिअरच्या बदल्यात घेतली होती."

"आज एकेक कडं नऊशे युरोला जातं. सीटांची जोडी मिळाली तर अकरा हजार. अहो, कंपनी नाही, साचे नाहीत. जे आहे ते लोकांच्या गॅरेजमध्येच आहे, आणि आता तिथूनही नाहीसं व्हायला लागलंय." त्याचा चेहरा बघून त्या जरा थांबल्या. "तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

डिटमारने मान हलवली. कोण, हे त्याला कळलं होतं. ते इतक्या सहज कळलं याचंच त्याला जास्त लागलं.

"एक गंमत मात्र आहे," बाईंनी शेजारच्या सीटखाली आरसा धरला. "सगळी शिवण यंत्राची. फक्त इथे, खालच्या बाजूला, वीतभर हाताने शिवलंय. टाके उलट्या बाजूला कललेत, बघा. डावखुऱ्या माणसाचे आहेत."

डिटमारने वाकून आरशात पाहिलं, आणि गाडीच्या छपराला हात टेकून उभा राहिला.

"बरं वाटत नाही का? पाणी आणू?"

"नको," तो म्हणाला. "हार्टविग उजव्या हाताचा आहे. त्याला शर्टाचं बटणसुद्धा लावता येत नाही."

कोण हार्टविग, हे टेब्बेबाईंनी विचारलं नाही.

३

आल्मुट डावखुरी होती, आणि पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. अठ्ठ्याऐंशीच्या वसंतात गाडी नव्याने उभी राहिली तेव्हा सीटांची कातडी तिनेच शिवली. शेजारच्या सीटखाली वीतभर शिवण तिने उघडी ठेवली होती. एका दुपारी तिने डिटमारला बोलावलं आणि त्याच्यादेखत आत एक मोजा सरकवला. पिवळ्या लोकरीचा, अंगठ्याएवढा.

मोजे दोन होते. अठ्ठ्याहत्तर साली तिने पोटातल्या मुलीसाठी विणलेले. दुसऱ्याचं टोक विणताना पिवळी लोकर संपली म्हणून तेवढं निळ्या लोकरीचं केलेलं. मुलगी जन्मली ती श्वास न घेताच. मोजे दहा वर्षं कपाटात पडून होते.

"आता गाडीत तरी आपण तिघं," आल्मुट म्हणाली होती आणि तिने वीतभर शिवण हाताने मिटवली होती. हे त्या दोघांशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं. हार्टविगला मुलीचं माहीत होतं, मोज्यांचं नाही.

निळ्या टोकाचा मोजा डिटमारने सहा वर्षांपूर्वी आल्मुटच्या मुठीत ठेवला होता. बोटं मिटवताना निळं टोक बाहेर राहिलं, ते त्याने अंगठ्याने आत ढकललं. मग झाकण बसवलं गेलं.

टेब्बेबाई गेल्यावर तो कात्री घेऊन गॅरेजमध्ये आला. त्याचा हिशेब सरळ होता. पिवळा मोजा आत असेल तर सीट खरी. बाई शिकलेल्या असतील, पण चुकल्या. मोजा नसेल तर सीट खोटी. दोन तारा, एक दिवा. सिग्नल खात्यात त्याने जन्मभर हेच केलं होतं. लागेल की नाही, एवढंच बघायचं.

टाके कापताना त्याच्या लक्षात आलं की दोरा आल्मुटचाच आहे, मेण लावून ओढलेला. त्याने दोन बोटं आत घातली. बोटांना लोकर लागली. "आहे!" तो मोठ्याने म्हणाला. आनंदाने त्याचे डोळे भरून आले.

त्याने मोजा बाहेर काढला.

टोक निळं होतं.

तो गॅरेजच्या थंड फरशीवर बसून राहिला. आपण चुकत असू, त्याने स्वतःला सांगितलं. त्र्याहत्तर वय झालं. कदाचित पिवळाच तिच्या मुठीत ठेवला असेल, निळ्या टोकाचा सीटमध्ये शिवला असेल. पण अंगठ्याला ते टोक आठवत होतं. आणि मोजा ओलसर होता, खूप दिवस जमिनीत राहिलेल्या गोष्टी असतात तसा. मे महिना होता, गॅरेज कोरडं ठणठणीत होतं.

त्याने तो खिशात घातला. घराकडे वळून बघायचा त्याला धीर होईना, कारण वळलं की गाडीकडे पाठ झाली असती.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तो गाडी घेऊनच हार्टविगकडे गेला. हार्टविग अंगणात डबा धूत होता. त्याने डिटमारचा चेहरा पाहिला आणि नळ बंद केला.

"कळलं तर तुला," तो म्हणाला.

डिटमारने वाटेत बरंच काही जुळवलं होतं. त्यातलं एकही वाक्य त्याला आठवेना. "केसाने गळा कापलास रे," तो एवढंच म्हणाला.

"आत चल. उभ्याने नको."

"उभ्यानेच सांग. काय कमी केलं होतं मी तुझं?"

"काही नाही." हार्टविगने हात पँटला पुसले. "चाळीस वर्षं या हातांनी लोकांच्या गाड्या उभ्या केल्या. पोरंटोरं येतात, कडं हातात घेतात, फोनवर भाव बघतात, नऊशे! मला रात्री झोप लागेना. मग तुझ्याच गाडीसारखा एक गंजका सांगाडा मिळाला, कागदांसकट. म्हटलं, आता उरलेलं कुठून आणू? आणि तुझी गाडी पाच महिने माझ्यासमोर उभी."

"मागायचं होतंस."

"दिलं असतंस?"

डिटमारने गाडीकडे नजर वळवली.

"नसतंच दिलंस. म्हटलं, नक्कल अशी करू की याला फरकच पडणार नाही. आणि खरं सांगू? नाही पडला. घड्याळ काढून नेलं तेव्हा तू मला वाइन आणून दिलीस, डिटमार. दोन बाटल्या!"

हे ऐकून डिटमारला राग यायला हवा होता. आली ती लाज. आपल्याच घरातून एकेक वस्तू जात होती आणि आपण दारात उभं राहून आभार मानत होतो. त्याने खिशातून मोजा काढला.

"हा सीटमध्ये तू घातलास?"

हार्टविगने चष्मा वर करून पाहिलं. "काय आहे? लहान बाळाचा? मी सीटमध्ये काहीच घातलं नाही. सीट यंत्रावर शिवून घेतली, श्टाइनहाइमला. आली तशी बसवली."

"खाली वीतभर हाताने शिवलेलं आहे."

"अख्खी यंत्रावर शिवलेली होती," हार्टविग म्हणाला. "मी स्वतः तपासली." त्याचा आवाज खाली आला, आणि त्याची नजर कोठाराकडे गेली. पन्नास वर्षांत डिटमारने या माणसाला भ्यालेलं पाहिलं नव्हतं.

"आत उभी केलीय ती गाडी मला विकायची होती," तो हळूच म्हणाला. "लाख-सव्वा लाख युरो आले असते. मार्चमध्ये म्युनिकहून एक जण आला. त्याने शेजारच्या दाराला हात लावला आणि आतून कुलपाची खुंटी खाली गेली. मी उघडून दिलं. त्याने हात लावला, पुन्हा खाली. त्याला म्हटलं, कुलूप बिघडलंय."

"बिघडलंय?"

"कुलूप मी बसवलंय, डिटमार. तुझ्याच दारातलं. ते बिघडत नाही." तो घशातल्या घशात हसल्यासारखं काहीतरी करून थांबला. "माझ्या हाताने उघडतं. फक्त माझ्या."

५

ताडपत्रीमागे गार होतं. कौलांच्या फटीतून उन्हाच्या दोन रेघा खाली आल्या होत्या, आणि त्यात गवसणी घातलेली गाडी उभी होती. ती आपली आहे हे डिटमारला गवसणी न काढताच कळलं. घरात शिरल्यावर आत माणूस आहे की नाही हे न बघता कळतं, तसं.

"काढ," तो म्हणाला.

हार्टविगने गवसणी पुढून मागे ओढली. फिकट निळा रंग. दिव्यांची कडी, एक किंचित चेपलेलं; तो पोचा गार्डा तळ्याच्या धक्क्यावर आल्मुटने केला होता आणि आठ दिवस हसत होती. काचेतून घड्याळ दिसलं. चार वाजून वीस मिनिटं.

सगळ्या काचा कोरड्या, स्वच्छ होत्या. शेजारच्या सीटची काच तेवढी आतून वाफेने धुरकटली होती. त्या वाफेत, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, बाहीने पुसल्यासारखा एक गोल होता. आणि खाली, काचेच्या अगदी काठाशी, दुसरा. लहानसा, तळहाताएवढाही नसलेला.

डिटमारने त्या गोलांतून आत बघितलं नाही. बघायचं होतं, मान वळेना.

तो आला होता गाडी परत न्यायला. पोलीस, वकील, साक्षीला टेब्बेबाई, सगळं त्याने वाटेत ठरवलं होतं. आता त्याला फक्त एवढंच हवं होतं की तिने यावं. तो दारापाशी गेला. मोजा त्याच्या मुठीत होता.

"आल्मुट," तो म्हणाला. "झालं गेलं. चल. निघायचं?"

कोठारात कुठेतरी चिमणी फडफडली. काचेलगतची खुंटी हलली, आणि टक् करून खाली बसली.

तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. तिच्या हाताचा होता. ती नेहमी बोटाने दाबायची नाही, तळव्याने मारायची.

"यंत्र आहे ते," डिटमार म्हणाला. "गारव्याने लोखंड आकसतं." त्याचं त्यालाच हे ऐकवेना. तो हार्टविगकडे वळला. "तू विचार."

"नको रे."

"विचार म्हणतो ना."

"डिटमार, घरी चल. मी सगळं परत बसवतो तुझ्या गाडीत, एकेक स्क्रू, आईची शपथ..."

"विचार!"

हार्टविगने ओठांवरून जीभ फिरवली. डिटमारकडे न बघता, अगदी हलक्या आवाजात, पुष्कळदा विचारून सरावलेल्या माणसासारखा तो म्हणाला, "निघायचं?"

सीट एकदा कुरकुरली.

डिटमारने मोजा बॉनेटवर ठेवला, निळं टोक काचेकडे करून, आणि ताडपत्री बाजूला सारून बाहेर आला. हार्टविग मागून काहीतरी बोलत होता. त्याने ऐकून घेतलं नाही.

अंगणात ऊन होतं. त्याची गाडी चकाकत उभी होती, घड्याळात बारा वाजून सात मिनिटं झाली होती, आणि ती वेळ बरोबर होती. तो आत बसला, दार ओढून घेतलं. ओठ सवयीने उघडले, ते त्याने मिटले. त्या गाडीत पहिल्यांदाच त्याने कुणालाही काही न विचारता किल्ली फिरवली.